लॉकडाऊनमध्ये लहान मुलांसोबत घरच्या घरी सण कसा साजरा करावा?

गणपती तोंडावर आलेत, मुलं पाच महिने घरात कोंडलेली, पाहुणे येणार नाहीत, मग सण वाटणार तरी कसा, असं तुम्ही विचारलंय. मी आमच्या पाडव्याचं सांगतो. त्यात फजितीच जास्त आहे, पण मुलं अजून तेच काढून बसतात.

2020 चा पाडवा 25 मार्चला होता. आदल्या रात्री आठला पंतप्रधानांनी देशभर लॉकडाऊन जाहीर केला आणि साडेआठला आमच्या वाण्याकडे झुंबड उडाली. बायको नर्स. लोकल बंद, म्हणून अत्यावश्यक सेवेच्या बसने ती संध्याकाळीच मुंबईला नाइट ड्युटीला गेलेली. घरात मी, नऊ वर्षांची लेक आणि पाच वर्षांचा धाकटा. गर्दीतून मला मिळालं ते दोन किलो साखर आणि एक किलो दही. काठी नाही, गाठी नाही, हार नाही.

आम्ही डोंबिवलीचे. पाडव्याच्या स्वागतयात्रा आता गावोगाव निघतात, पण सुरुवात इथली. दरवर्षी पहाटे मुलांना नटवून फडके रोडला न्यायचं, ढोल-ताशे ऐकायचे, दमून परत यायचं. गुढी आम्ही मोठी माणसंच त्याआधी घाईघाईने उरकायचो. मुलांचं काम फक्त नमस्कार करायचं. यंदा यात्राही रद्द, आणि हाताशी मोठं माणूस म्हणजे मी एकटा.

दही पंच्यात बांधून रात्रीच नळाला टांगलं. धाकट्याला त्याखालच्या पातेल्यावर राखणीला बसवला. थेंब मोजता मोजता तो तिथेच झोपला. मग मी आणि लेक गाठीच्या मागे लागलो. साखर बुडेल इतकं पाणी घालून पाक केला, तूप लावलेल्या वाट्यांमध्ये दोरा ठेवून ओतला. तासाभराने दोरा उचलला तर नुसता चिकट दोरा वर आला! पाक कच्चा. सासूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अहो, गोळीबंद व्हायला हवा, आणि खाली उतरवून पांढरा होईपर्यंत घोटा." दुसऱ्या खेपेला घोटला. गाठी झाली, पण विटेसारखी. लेकीला मात्र ती दुकानातल्यापेक्षा भारी वाटली, कारण तिच्या वाटीचा ठसा तिच्यावर उमटला होता.

काठीचा प्रश्न जळमटं काढायच्या झाडूने सोडवला. झाडू काढून काठी दोनदा साबणाने घासली. लेकीने आईचा लग्नातला शालू हट्टाने काढला, पण त्याच्या भाराने काठी वाकली. मग खणाचा कापड लावला. कडुनिंबाची डहाळी खालच्या वॉचमनकाकांनी काढून गेटवर ठेवली, फुलं कुंडीतल्या सदाफुलीची. पाचच होती. वर तांब्या पालथा घातला. आईने (माझ्या) व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि पहिलाच प्रश्न, "काठी कसली रे ती?" मी विषय बदलला.

पंचांग वाचायला कालनिर्णय उतरवलं. शके 1942, शार्वरी नाम संवत्सर. शर्वरी म्हणजे रात्र, असं मी शहाणपणाने सांगितलं. लेक म्हणाली, "म्हणजे आईच्या नाइट ड्युटीचं वर्ष?" यावर मला काही सुचलं नाही. मी चक्का फेटायला घेतला.

बायको नऊ वाजता आली. रस्त्यावरूनच तिने वर पाहिलं आणि तिसऱ्या मजल्यावरची आमची किंचित वाकडी गुढी बघून थांबली. दोन्ही मुलं गॅलरीतून ओरडत होती, "आई, आधी अंघोळ! आधी अंघोळ!" तिने खालूनच हात जोडले. मग अंघोळ, मग कडुनिंबाची चटणी, मग श्रीखंड. एक किलो दह्याचं श्रीखंड चौघांना कितीसं पुरणार, पण धाकट्याने ते "माझं" म्हणून वाढलं. संध्याकाळी गुढी उतरवली आणि गाठी शेवटी खलबत्त्यात कुटली.

तर तुम्हाला एवढंच सुचवेन, की मुलांसाठी वेगळे खेळ शोधत बसू नका. सणातलंच खरं काम त्यांच्या हातात द्या, आणि ते बिघडलं तर बिघडू द्या. मोदकाच्या कळ्या नीट येणार नाहीत, चालतंय. फक्त पाकाजवळ मुलांना एकटं सोडू नका. गरम साखर भयंकर भाजते.

आमच्या गणपतीची तयारी चालू आहे. सरकारने 2020 च्या गणपतीसाठी घरगुती मूर्तीला दोन फुटांची मर्यादा घातली होती, आमची शाडूची जेमतेम वीतभर, लेकीनेच केलेली. सोंड एकदा गळून पडली, परत जोडली. विसर्जन घरीच, बादलीत. माती मग सदाफुलीच्या कुंडीत जाईल. बादली लाल घ्यायची की निळी, यावर सध्या दोघांचं बोलणं बंद आहे.