पुण्यातले कार्य आणि न्यू जर्सीतला तक्ता

न्यू जर्सीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या मुलीचे लग्न ठरले आहे. मुलगी अमेरिकेची नागरिक आहे, तर होणारे जावई मूळचे नाशिकचे असून नोकरीनिमित्त पुण्यात असतात. लग्न नाताळच्या सुट्टीत पुण्यात करायचे आहे आणि रजा मोजून सोळा दिवसांची आहे. या भगिनी स्वतः एका कंपनीत प्रकल्प व्यवस्थापनाचे काम करतात, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात त्यांनी २१४ ओळींचा तक्ता तयार करून पुण्यातल्या थोरल्या भावाला पाठवला. प्रत्येक ओळीपुढे करणाऱ्याचे नाव, तारीख आणि रंग होता. दर रविवारी फोनवर त्या एकेक ओळ विचारत गेल्या, आणि चौथ्या रविवारी दादा म्हणाले, "अगं, मी तुझ्या हाताखाली नोकरीला नाही." तेव्हापासून दादा फोन घेत नाहीत, वहिनी तुटक बोलतात आणि कार्यालयाची अनामत अजून भरायची राहिली आहे. आपले काय चुकले, असे त्या कळवळून विचारतात.

ताई, तक्ता करण्यात तुमचे काहीच चुकले नाही. दहा हजार किलोमीटरहून अधिक अंतरावरून एवढे मोठे कार्य उभे करायचे तर लिहून काढण्याला पर्याय नाही. मात्र कार्यालयातली पद्धत घरच्या कार्यात दोनच ठिकाणी खऱ्या अर्थाने उपयोगी पडते, असे माझे अनुभवांती मत आहे: कोणते काम कशावर अडलेले आहे हे शोधण्यासाठी, आणि कोणत्या बाबतीत कोणाचा शब्द अखेरचा हे ठरवण्यासाठी. कामाचा आढावा घेण्याची तिसरी सवय, जी आपल्याला नोकरीत सर्वांत जास्त लागते, ती घरात आणू नये. दादा या लग्नाचे यजमान आहेत, आणि यजमानाला कोणी आढावा मागत नाही.

आधी पहिली गोष्ट. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत रासायनिक कारखान्यांच्या उभारणीसाठी 'क्रिटिकल पाथ' नावाची पद्धत विकसित झाली, ती तुम्ही रोज वापरत असाल. शेकडो कामांपैकी एकच साखळी अशी असते की तिच्यातली कडी एक दिवस लांबली तर शेवटची तारीखही एक दिवस लांबते. बाकीच्या कामांना थोडीफार सवड असते. तुमच्या तक्त्यात बोहल्याच्या फुलांची ओळ लाल आहे आणि विवाह नोंदणीची ओळ, १९० च्या पुढे कुठेतरी, पांढरी आहे. माझ्या मते हे रंग उलटे हवेत.

कारण तुम्ही पत्रात सहज लिहिले आहे की लग्न झाले की जावई आपल्याबरोबरच अमेरिकेला येतील. तसे होत नाही, आणि हे आजच स्पष्ट करून घेतलेले बरे. अमेरिकी नागरिकाच्या नियोजित जोडीदारासाठी के-१ नावाचा व्हिसा आहे, पण त्यात लग्न अमेरिकेत पोहोचल्यावर ९० दिवसांच्या आत तिथेच करावे लागते. पुण्यात अंतरपाट धरून सप्तपदी झाली की जावई 'नियोजित' राहत नाहीत आणि तो व्हिसा हातचा जातो. पुण्यातच लग्न करायचे असेल तर नंतर पती म्हणून अर्ज करायचा, त्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला जोडायचा आणि पुढे अनेक महिने वाट पाहायची. पर्यटक म्हणून अमेरिकेत जाऊन तिथेच राहून जाण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. साखरपुडा पुण्यात आणि लग्न न्यू जर्सीत, की लग्न पुण्यात आणि काही काळ दोघे दोन देशांत, हा निर्णय मुलीने आणि जावयांनी व्हिसाच्या वकिलाला विचारून घ्यायचा आहे, आणि कार्यालयाची अनामत त्यानंतर भरायची आहे. उरलेल्या ओळी या एका ओळीवर अडलेल्या आहेत.

लग्न पुण्यातच ठरले, तर नोंदणीचे काम सोळा दिवसांत बसले पाहिजे. वैदिक पद्धतीने लग्न लावून नंतर महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याखाली नोंदणी करताना लग्नपत्रिका, फोटो, लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही आणि ओळखपत्रांसह तीन साक्षीदार लागतात. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे असेल तर नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबावे लागते, म्हणजे तुमच्या रजेत ते मावणारच नाही. वधू परदेशी नागरिक असल्यामुळे कोणती जास्तीची कागदपत्रे मागतात, हे जावयांनी आत्ताच त्या भागातल्या नोंदणी कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन विचारावे.

हे मी एवढ्या आग्रहाने लिहितो, कारण माझ्या भाचीच्या लग्नात मी हे पाहिले आहे. लग्न रविवारी थाटात झाले, सोमवारी सगळे दमून झोपले, आणि मंगळवारी नोंदणीच्या दारात उभे असताना लक्षात आले की तिसरे साक्षीदार, मुलाचे काका, आदल्या रात्रीच्या गाडीने नागपूरला गेले आहेत आणि गुरुजी दुसऱ्या लग्नासाठी रत्नागिरीला. शुक्रवारी मुलीचे विमान होते. गुरुजींची सही अर्जावर घ्यायला माझा धाकटा भाऊ रात्रभर गाडी चालवून गेला. त्या अर्जावर गुरुजींची सही लग्नाच्या दिवशीच, दक्षिणा देतानाच घेता आली असती. तेव्हा अर्ज आधी भरून ठेवा, साक्षीदार पुण्यातलेच निवडा आणि त्यांना नोंदणीचा दिवस आणि वेळ ठरताच सांगा.

याच संदर्भात नावाचेही सांगतो. गृहप्रवेशानंतर ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवे नाव लिहितात, तो सोहळा तुम्ही हौसेने जरूर करा. पण व्हिसाची कागदपत्रे पूर्ण होईपर्यंत पासपोर्टवरच्या नावाला हात लावू नका. एका कागदावर माहेरचे आणि दुसऱ्यावर सासरचे नाव असले की प्रत्येक ठिकाणी खुलासा देत बसावे लागते.

आता मुहूर्त. नाताळची सुट्टी आपल्या सोयीची असली तरी पंचांग तिच्याकडे पाहून चालत नाही. डिसेंबरअखेर कधी मार्गशीर्षात येते, कधी पौषात, आणि पौषात लग्न करायला अनेक घरांत अजूनही मन तयार होत नाही. २०२५ मध्ये डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्याअखेरीस पौष लागला. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ असल्यामुळे पुढचे महिने सरकतात आणि नाताळ मार्गशीर्षात पडतो. त्याच अधिक महिन्यामुळे उन्हाळी सुट्टीचा पर्याय मात्र अवघड होतो. शिवाय तुळशीच्या लग्नानंतर पुण्यातल्या चांगल्या कार्यालयांच्या तारखा झपाट्याने भरतात. म्हणून एकाच मुहूर्तावर अडून न बसता तीन तारखा दादांना द्या आणि त्यांतली कोणती घ्यायची ते, कार्यालय पाहून, त्यांना ठरवू द्या.

इथे आपण दुसऱ्या गोष्टीवर येतो, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. आपल्याकडे लग्न ठरले की बैठक होत असे आणि याद्या होत असत. मानपान कोणी करायचे, कार्यालयाचा खर्च कोणाकडे, सीमांतपूजन होणार की नाही, विहिणीची पंगत कोणाकडे, हे सारे दोन्ही बाजूंच्या वडीलधाऱ्यांसमोर कागदावर लिहून, मोठ्याने वाचून, त्यावर सह्या होत. देण्याघेण्याच्या अनिष्ट मागण्याही त्याच कागदावर आल्या म्हणून याद्या बदनाम झाल्या, आणि ते योग्यच झाले. पण कार्याची व्याप्ती आधी ठरवून ती सर्वांसमोर वाचण्याची ती रीत फार शहाणपणाची होती, असे मी मनापासून मानतो. तुमच्या नोकरीत ज्याला स्कोप म्हणतात तो हाच कागद. एकदा नाशिककर मंडळी आणि तुम्ही, दोन्ही घरचे सगळे फोनवर एकत्र बसा, आणि देवघरातला दिवा लावून एक पानभर यादी करा. हळद होणार का, संगीत होणार का, दोन्ही बाजूंची मिळून ताटे किती, आहेर घ्यायचा की नाही, एवढेच त्यात असावे. नंतर कोणाला काही वाढवावेसे वाटले तर ते याच पानावर, दोन्ही घरांना विचारून वाढवावे. संगीताचा कार्यक्रम तुमच्या मुलीच्या मैत्रिणींनी परस्पर ठरवला आणि त्याचा खर्च व दगदग मात्र दादा-वहिनींवर पडली, असे तुमच्या पत्रावरून वाटते. दादांचा राग बहुधा तिथूनच सुरू झाला असावा.

त्या पानाच्या मागच्या बाजूला निर्णय कोणाचा ते लिहा. जेवणाचा बेत वहिनींचा. आळूची पातळ भाजी की मसालेभात, जिलेबी की मठ्ठ्याबरोबर आणखी काही, हे पंगतीत वाढताना ज्यांना उभे राहायचे आहे त्यांनी ठरवावे. तुम्ही विचारल्यास मत द्या. कार्यालय आणि गाड्या दादांच्या. साड्या, दागिने, फोटो मुलीचे. विधी किती आणि कोणते, हे गुरुजींशी बोलून तुमच्या आई ठरवतील. खर्चाची एक रक्कम ठरवा, समजा २५,००० रुपये, आणि तिच्या आतले काहीही दादांनी कोणाला न विचारता करावे, असे त्यांना स्वतःच्या तोंडाने सांगा. आणि ते पैसे त्यांच्या हाती आधीच असले पाहिजेत. सख्ख्या भावाला बहिणीकडे हिशेब पाठवून पैसे मागायला लावणे यासारखे संकोचाचे दुसरे काही नाही. अनिवासी भारतीयांना अमेरिकेच्या मोबाइल क्रमांकावरून आपल्या एनआरई किंवा एनआरओ खात्याला यूपीआय जोडण्याची मुभा २०२३ पासून आहे. केटरर, मांडववाले, गुरुजी यांना तुम्ही स्वतः थेट पैसे पाठवू शकाल, तर दादांचा तेवढा भार उतरेल. अंदाजाच्या दहाव्या हिश्श्याएवढी रक्कम वेगळी ठेवा आणि तिचा उल्लेख कोणाजवळ करू नका.

ताटांचा आकडा ही तुमच्या तक्त्यातली सर्वांत अविश्वसनीय ओळ आहे. पत्रिकेवर आपण 'सहकुटुंब सहपरिवार' असे छापतो, म्हणजे एका पत्रिकेमागे एक ताटही असू शकते आणि सहाही. उत्तर पाठवण्याची रीत आपल्याकडे नाही, आणि ऑनलाइन अर्ज पाठवला तर सदाशिव पेठेतल्या आत्याबाईंना ते आमंत्रण वाटणारच नाही. प्रत्येक शाखेतल्या एका जाणत्या बाईला आठ दिवस आधी फोन करायला सांगा, "तुमच्याकडून कोण कोण येणार गं?" या प्रश्नाला त्यांना जे उत्तर मिळते ते तुम्हाला मिळणार नाही.

केळवणांबाबत थोडक्यात सांगतो. परदेशातून आलेल्या मुलीला प्रत्येक घरी बोलावतात आणि सोळा दिवसांत अकरा केळवणे झाली तर मुलगी हळदीच्या दिवशी आजारी पडते. वडिलांकडचे एक आणि आईकडचे एक, अशी दोनच करा, आणि हे सांगण्याची जबाबदारी तुमच्या आईंवर सोपवा, कारण त्यांना कोणी नाही म्हणणार नाही.

आता दादांविषयी. या रविवारी न्यू जर्सीत रात्रीचे नऊ वाजले की, हिवाळ्याच्या वेळेनुसार, पुण्यात सोमवारी सकाळचे साडेसात झालेले असतील आणि दादांचा चहा चालू असेल. वहिनींच्या फोनवर फोन करा. तक्ता उघडू नका. संगीताचे परस्पर ठरले याबद्दल आधी त्यांची क्षमा मागा, आणि मग एकच विचारा: "दादा, यातले तुम्हाला काय करायला आवडेल आणि काय नको?" जे नको असेल ते पैसे देऊन करून घ्या किंवा भाच्याकडे सोपवा. लग्नाच्या दिवशीची वही, फोन आणि सगळ्यांची देणी तर भाच्याकडेच हवीत. केटररने ताटे मोजायला बोलावले किंवा मांडववाल्याचा माणूस पैशांसाठी उभा राहिला, तरी मुहूर्ताच्या घटकेला दादांना कोणी हाक मारता कामा नये. गौरीहरापुढे बसलेल्या भाचीला हाताला धरून अंतरपाटापर्यंत मामाने आणायचे असते, आणि ते दुसरे कोणी करू शकत नाही.