दुबईच्या शाळेचं पत्र आलंय, पण सगळ्यांनी एकदम निघू नका

प्रश्न (पत्र थोडक्यात): मी पुण्यात केंब्रिज बोर्डाच्या शाळेत नऊ वर्षं गणित शिकवते. मिस्टर चाकणला एका वाहन कंपनीत डिझाइन विभागात आहेत. हातात येणारा पगार माझा ७०,०००, त्यांचा १,१५,०००. वाकडच्या फ्लॅटचं ३८ लाख कर्ज बाकी आहे, अजून १४ वर्षं, हप्ता ३८,०००. एफडी ९ लाख, म्युच्युअल फंडात १६ लाख. २०,०००ची एसआयपी धरून महिन्याला ४५,००० बाजूला पडतात. मुलगी आठवीत, मुलगा दुसरीत, दोघंही माझ्याच शाळेत सवलतीच्या फीत. सासूबाई ७१ वर्षांच्या, कोथरूडला एकट्या राहतात, त्यांच्याकडच्या मदतनीस बाईंचे १५,००० आम्ही देतो. दुबईच्या एका ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेने ऑगस्टपासून दोन वर्षांचा करार देऊ केलाय. पगार १२,५०० दिरहम (मूळ ७,०००, घरभाडं ४,५००, प्रवास १,०००). एका मुलाची फी माफ, दुसऱ्याची निम्मी, वैद्यकीय विमा फक्त माझा. म्हणजे महिन्याला तीन लाख आणि कर नाही. मिस्टरांचं म्हणणं, जायचं तर सगळ्यांनी, नाहीतर कुणीच नको. ते इथली नोकरी सोडून तिथे शोधतील. मुलीला डॉक्टर व्हायचंय. आम्ही जावं का?

उत्तर: ताई, तुम्ही जा. सगळ्यांनी मात्र एकदम निघू नका. मिस्टरांना हे आवडणार नाही, म्हणून हिशेब जरा सविस्तर मांडतो.

दिरहम २४ रुपये धरला तर तुमचे तीन लाख बरोबर आहेत. पण ते कमावणार तुम्ही एकट्या आणि त्यावर दुबईत चार माणसं आणि पुण्यात एक हप्ता पोसायचा आहे. अल नहदाला दोन बेडरूमचं घर ७८,००० दिरहमांत मिळतंय असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे महिन्याला ६,५००. घरभाडं म्हणून शाळा देणार ४,५००, इथेच दोन हजारांचं भगदाड पडलं. वीज-पाणी, इंटरनेट, दोन मोबाइल आणि वार्षिक भाड्याच्या ५ टक्के म्युनिसिपालिटीची हाउसिंग फी मिळून १,४०० धरा. ही फी वीजबिलातून महिन्या-महिन्याने वसूल होते, त्यामुळे घर बघताना ती कुणाच्या लक्षात येत नाही. किराणा-भाजी २,०००, येणं-जाणं १,०००. मुलाची निम्मी फी महिन्याला १,५००. मिस्टर आणि दोन मुलांच्या आरोग्य विम्याचे ५००, कारण दुबईत मालकाने कर्मचाऱ्याचा विमा काढणं बंधनकारक आहे, कुटुंबाचा ज्याच्या नावावर व्हिसा त्याने काढायचा, म्हणजे तुम्ही. कपडे, वह्या, एखादा शुक्रवार बाहेर जेवण मिळून ८००.

बेरीज १३,७००. पगार १२,५००.

यात पुणं अजून आलेलंच नाही. हप्त्याचे सुमारे १,५८० दिरहम आणि सासूबाईंकडच्या बाईंचे ६२५ मिळवा. फ्लॅट भाड्याने देऊन सोसायटीचा मेंटेनन्स वजा जाता २२,००० सुटतील असं तुम्ही म्हणता, ते ९१७ दिरहम वजा करा. दरमहा जवळजवळ २,५०० दिरहम, म्हणजे ६०,००० रुपये कमी पडतात. एसआयपी तर सोडूनच द्या. आज पुण्यात ४५,००० बाजूला पडतात आणि तिथे करमुक्त तीन लाखांवर साठ हजारांची तूट.

तिथे गेल्या गेल्या लागणारी रोख वेगळी. दुबईत भाडं सहसा महिन्याला नाही, आगाऊ चेकने द्यायचं असतं. चार चेकचा करार झाला तर पहिलाच चेक १९,५००चा. त्यावर डिपॉझिट आणि एजंटाचं कमिशन प्रत्येकी ३,९००, वीज-पाण्याचं डिपॉझिट २,०००, तिघांचे व्हिसा, मेडिकल आणि ओळखपत्रं, गाद्या, फ्रिज, वॉशिंग मशीन. सगळं मिळून ११ लाखांच्या पुढे जातं. एफडी ९ लाखांची आहे आणि पहिला पूर्ण पगार सप्टेंबरअखेर. म्हणजे म्युच्युअल फंड मोडायला लागणार, तेही मिस्टरांच्या हातात नोकरी नसताना.

तिथे त्यांना किती पगार मिळायला हवा? तूट भरून आजच्याएवढी बचत राखायची, तर साडेपाच हजार दिरहम लागतील. त्यात मुलगा शाळेतून आल्यावर त्याच्याजवळ कुणीतरी असण्याचा थोडा खर्च धरलाय. आज त्यांच्या पगारातून कापला जाणारा आणि कंपनी घालते तो, असा दोन्ही बाजूंचा पीएफ तुमच्या ४५,०००मध्ये नाही. तो तिथे बंद होईल. म्हणून ८,०००च्या खाली जाण्यात अर्थ नाही. नोकरी मिळणार नाही असं मी म्हणत नाही. पण चाकणची नोकरी सोडून, बायकोच्या व्हिसावर बसून शोधणाऱ्या माणसाला पगाराची घासाघीस जमत नाही. पहिलं येईल ते तो घेतो.

आता मुलीचं बघू. तुमचे दोन परिच्छेद पगारावर आहेत आणि तिच्यावर एक ओळ. मला मात्र या निर्णयातली सगळ्यात मोठी रक्कम तिथेच दिसते. महाराष्ट्रातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांत राज्य कोट्यातून एमबीबीएसला प्रवेश हवा असेल, तर डोमिसाइल तर लागतंच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या संस्थेतून झालेली असावी लागते. दुबईत आयजीसीएसई (ब्रिटिश पद्धतीतली दहावी) झाली की राज्य कोट्याचं दार तिच्यासाठी बंद. मग उरतो देशभरासाठी असलेला १५ टक्क्यांचा अखिल भारतीय कोटा, किंवा खासगी कॉलेजातली व्यवस्थापनाची किंवा एनआरआय जागा. पुण्याच्या सरकारी बी. जे. मेडिकलची फी आणि खासगी कॉलेजातल्या एनआरआय जागेची फी यांत जो फरक पडतो, तो तुम्ही दुबईत दोन वर्षांत साठवाल त्यापेक्षा मोठा आहे. आठवीतली मुलगी पुढे विचार बदलेल, कदाचित बारावीला आर्किटेक्चर म्हणेल. म्हणाली तर म्हणाली. पण तेराव्या वर्षीच आपल्या हाताने दार लावून टाकायचं असेल, तर निदान ते माहीत असताना लावा.

दुसरी अडचण वेळेची. ब्रिटिश पद्धतीत आपल्या नववीला इयर टेन म्हणतात आणि तिथून दोन वर्षांचा सलग अभ्यासक्रम सुरू होतो. तिला न्यायचं तर याच ऑगस्टमध्ये. एक वर्ष थांबून मग न्यावं म्हणाल, तर इयर इलेव्हनला अधे-मधे घ्यायला शाळा सहसा तयार नसतात. म्हणजे ‘आधी आई जाईल, वर्षाने बाकीचे येतील’ ही सोयीची वाटणारी वाट तिच्यासाठी बंदच आहे. एकतर आत्ता, नाहीतर दहावीनंतर. आणि डॉक्टरकी पक्की असेल तर बारावीनंतर.

म्हणून मी दुसरा हिशेब केला. तुम्ही एकट्या, दोन वर्षं. अनेक शिक्षिका तिथे दोघी-तिघींत फ्लॅट घेतात. खोलीचे ३,०००, जेवण ८००, मेट्रो-बस ३५०, फोन २००, वरखर्च ५००, असे ४,८५० जातात. शिल्लक ७,६५०, म्हणजे १,८३,००० रुपये. पुण्यात मात्र खर्च वाढेल. तुम्ही नोकरी सोडलीत की मुलांच्या फीची सवलत जाते. ती तुम्ही वर्षाला २,४०,००० लिहिली आहे, म्हणजे महिन्याला २०,०००. मिस्टर चाकणच्या बसला सकाळी निघणार, संध्याकाळी सातला परतणार, तोवर मुलांपाशी बाई लागेल, तिचे १२,०००. तुमचा स्वतःचा इथला खर्च १०,००० कमी होईल. आजच्या १,४०,००० खर्चात हे धरलं की त्यांच्या पगाराला ४७,००० कमी पडतील, ते तुम्ही पाठवायचे. तरीही महिन्याला १,३६,००० राहतात. आजच्या तिप्पट. शिवाय त्यांचा पीएफ चालू, फ्लॅटमध्ये भाडेकरू नाही, सासूबाईंना कोथरूड सोडायला लागत नाही.

दोन वर्षांचे होतात जवळपास ३३ लाख. त्यात तिथली ग्रॅच्युइटी आली. पहिल्या पाच वर्षांना वर्षामागे २१ दिवसांचं मूळ वेतन मिळतं, तुमच्या ७,००० मूळ वेतनावर दोन वर्षांचे ९,८०० दिरहम. दोन-तीनदा घरी येण्याची तिकिटं आणि सुरुवातीचा खर्च त्यातून वजा केलाय. दोन वर्षांनी तुमच्या कर्जाची बाकी असेल साधारण ३५ लाख. एसआयपी चालू ठेवूनही २८ लाख कर्जात जाऊ शकतात. मुलगी दहावीची परीक्षा देईल तेव्हा घर जवळजवळ मोकळं झालेलं असेल, आणि तेव्हा मिस्टरांना काय करायचं ते ठरवायला हप्त्याची भीती नसेल. दिरहम १९९७पासून एका डॉलरला ३.६७२५ असा बांधलेला आहे, त्यामुळे रुपया डॉलरपुढे घसरला तर तुमचं काम आणखी हलकं होतं.

‘सगळ्यांनी नाहीतर कुणीच नाही’ हे मिस्टरांचं म्हणणं मी हट्ट म्हणून झटकत नाही. दुसरीतला मुलगा आईशिवाय दहा-दहा आठवडे, ही गोष्ट कुठल्याही तक्त्यात बसत नाही. पुणं-दुबई विमानाने तीन-सव्वातीन तास, डिसेंबरात तीन आठवडे आणि उन्हाळ्यात दीड-दोन महिने तुम्ही घरी, तरीही. मी एवढंच सांगू शकतो की दोन पर्यायांत महिन्याला जवळपास दोन लाखांचा फरक आहे. तो सोडून सगळ्यांनी एकत्र राहायचं ठरवलंत तर ती चूक नाही. पण मग पुण्यातच एकत्र राहा, तिथे तूट सोसून नको.

शाळेला उत्तर देण्याआधी घासाघीस करा. मूळ वेतन वाढवून मागा, घरभाड्यातून काढून तिकडे घाला म्हणा. एकूण पगार तोच राहतो, म्हणून शाळा ऐकते, आणि ग्रॅच्युइटी मूळ वेतनावरच मोजतात. कुटुंब येणार नसेल तर फीची सवलत तुम्हाला निरुपयोगी आहे, तिच्या बदल्यात वर्षाला दोन तिकिटं मागा. आणि करारात प्रोबेशन किती ते वाचा. तिथल्या कायद्याने ते सहा महिन्यांपेक्षा जास्त असत नाही आणि त्या काळात १४ दिवसांच्या नोटिशीवर काढता येतं.

या प्रोबेशनचा इथल्या कराशी संबंध आहे. आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस किंवा जास्त राहिलात तर तुम्ही इथल्या रहिवासी, आणि मग दुबईचा पगारही इथे करपात्र. १५ ऑगस्टला निघालात तर एप्रिलपासूनचे १३७ दिवस झाले. डिसेंबरातले वीस मिळवून १५७, काळजी नाही. पण काही बिनसलं आणि १५ फेब्रुवारीला कायमच्या परत आलात, तर दिवस २००च्या वर जातात आणि ‘करमुक्त’ म्हणून खर्च केलेल्या पगारावर कर भरावा लागतो. म्हणून मार्च संपेपर्यंत तिथल्या शिलकीला हात लावू नका, कर्जातही भरू नका. एनआरई खात्यात (अनिवासींचं परदेशी कमाईसाठीचं खातं) राहू द्या, तिथलं व्याज अनिवासी असेपर्यंत इथे करमुक्त असतं. एप्रिलपासून दर तिमाहीला कर्जात भरा. फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडण्याचा दंड बँक लावू शकत नाही.

बाकीचं चटकन सांगतो. इथल्या शाळेकडून ग्रॅच्युइटी लेखी मागा, शिक्षकांनाही ती कायद्याने मिळते. ४२,००० मूळ वेतनावर नऊ वर्षांचे सुमारे २,१८,००० होतात, राजीनाम्याच्या गडबडीत ते राहून जातं. पीएफ काढू नका. इथला आरोग्य विमा आणि टर्म प्लॅन चालू ठेवा, विमा कंपनीला परदेशी नोकरीचं कळवा. फंडांत केवायसी अनिवासी म्हणून बदला. पदव्यांचं अटेस्टेशन आणि पासपोर्ट कार्यालयाचं पोलीस क्लिअरन्स आत्ताच सुरू करा, यूएईला अपोस्टिल (अनेक देशांत पुरणारं एकच प्रमाणपत्र) चालत नाही, दूतावासाचा शिक्का लागतो.

तुमच्या दोघांचं जे जॉइंट खातं आहे, ज्यातून हप्ता, दूध, शाळेची व्हॅन सगळं जातं, त्यातून तुमचं नाव जाण्याआधीच काढा. त्यात पहिलं नाव तुमचं असेल तर तुम्ही गेलात की ते साधं बचत खातं म्हणून चालवता येत नाही, बँक ते एनआरओमध्ये (अनिवासींचं इथल्या पैशांसाठीचं खातं) बदलते, आणि त्या घोळात ऑगस्टचा हप्ता परत गेला तर पहिला फोन तुम्हाला वर्गात असताना येईल. मिस्टरांच्या एकट्याच्या नावाने खातं उघडून हप्त्याचा आणि एसआयपीतल्या त्यांच्या वाट्याचा मँडेट जूनमध्येच तिकडे वळवा.