जुलैत जागा पाहा, मग घर आखा

कोकणात सुट्टीचं घर बांधणाऱ्यांकडून बरीच पत्रं आली आहेत. त्यांतली पाच इथे घेतो. सातबारा, बिनशेती, वारसांच्या सह्या असले प्रश्न बाजूला ठेवलेत. ते वकिलाला विचारा, मी फक्त घरं बांधतो.

राजापूर तालुक्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जागा घेतली आहे. समोर समुद्र दिसतो. जेसीबीने सपाट करून वर दोन फूट लाल माती टाकायची, लॉन करायचं आणि पश्चिमेला पूर्ण काचेची भिंत घ्यायची, असं ठरलंय. घर निसर्गाला धरून हवं आहे. काय काळजी घेऊ? – डोंबिवली

जेसीबीवाल्याला अजून फोन करू नका, ही पहिली काळजी.

जागा तुम्ही बहुधा डिसेंबरात पाहिली असणार. तेव्हा सडा म्हणजे नुसता तापलेला काळा कातळ. ‘इथे काहीच नाही’ असं वाटतं आणि माती ओतायची कल्पना सुचते. तोच सडा ऑगस्टमध्ये पाहा. कातळाच्या खळग्यांत बोटभर माती आणि वीतभर पाणी असतं. त्यातच गेंद, सीतेची आसवं, तेरडा उगवतात. दोन फूट लाल मातीखाली यातलं काही उरत नाही. शिवाय हा कातळ जांभ्याचा, म्हणजे सच्छिद्र. सड्यावर पडलेलं पाणी त्यात मुरून खालच्या वाडीत झऱ्याला फुटतं. वर तुम्ही काय करता याचा हिशेब खालच्या विहिरीत दिसतो.

आणखी एक. राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवर कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेली जुनी चित्रं, आहेत. बारसू, उक्षी, देवाचे गोठणे ही नावं तुम्ही वाचली असतील. भर दुपारी त्यांच्या रेषा दिसतच नाहीत. सकाळच्या तिरक्या उन्हात जागा पायी फिरा, गुरं चारणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्याला सोबत घ्या. काही आढळलं तर हात न लावता पुरातत्त्व विभागाला कळवा.

आता काचेची भिंत. पावसाळी वारा येतो नैर्ऋत्य-पश्चिमेकडून, तुमचा समुद्रही तिकडेच आणि एप्रिल-मेची उतरती उन्हंही तिकडूनच. माझ्या पहिल्याच कामात मी हा शहाणपणा करून बसलोय. जुलैत मालकांनी बोलावलं. सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीतून पाणी वाऱ्याच्या जोराने उभं वर चढत होतं आणि आत फरशीवर सांडत होतं. मालकांचे वडील एक शब्द न बोलता गोणपाटाच्या घड्या करून तिथे लावत होते. ती शांतता मला आजही आठवते.

जुन्या लोकांनी गाव उतरणीवर, माडा-पोफळीच्या आडोशाला वसवलं आणि वरचा सडा गुरांना, गवताला ठेवला, तो उगाच नाही. तुमच्या जागेचा काठ उतरत असेल तर घर त्या काठाखाली घ्या. जमीन सपाट करण्याऐवजी जोतंच पायऱ्यापायऱ्यांनी उतरवा. पश्चिमेला न्हाणीघर, अडगळ, जिना आणि त्यापुढे आठ फुटांची पडवी. पडवीचं छप्पर इतकं खाली आणा की उंच माणसाला किंचित वाकावं लागेल. झड तिथेच अडते. समुद्र त्या पडवीत बसून पाहा. काचेतून दिवसभर दिसणाऱ्या समुद्राकडे चौथ्या दिवसापासून कुणी बघत नाही, हा माझा अनुभव.

मातीच्या घराची कार्यशाळा केली, आता तसंच घर बांधायचं आहे. कोकणच्या पावसात टिकेल? – पुणे

टिकतं. आपल्या आज्यांची घरं मातीचीच होती. पण त्यांना दगडी जोतं होतं, भिंतीपुढे तीन-चार फूट आलेली वळचण होती आणि मुख्य म्हणजे घरात माणसं होती. मातीची भिंत समोरून येणाऱ्या पावसापेक्षा दोन जागी मरते: वरून छप्पर गळलं की, आणि खालून पागोळ्यांचे शिंतोडे पायथ्याला लागले की. घरातली बाई ते दुसऱ्या दिवशी लिंपून टाकायची. तुम्ही महिन्यातून दोनदा येणार. सारवण ही रोजच्या वावराची गोष्ट आहे, शनिवार-रविवारची नाही.

वास्तुरचनाकार लॉरी बेकर सांगायचे की गांधीजींनी त्यांना आदर्श खेड्यातल्या घराची कसोटी सांगितली होती: घराचं सगळं सामान पाच मैलांच्या आत मिळालं पाहिजे. तुमच्या पाच मैलांत चिऱ्याची, म्हणजे जांभ्याच्या कापीव दगडाची, खाण आहे ना? मग बाहेरच्या भिंती चिऱ्याच्या घ्या. खाणीतून निघालेला चिरा मऊ असतो, हवेवर राहून टणक होतो, म्हणून तो आधी आणून रचून ठेवा. पांढऱ्या मातीचे डाग असलेला परत पाठवा. ठोकला की खणखणीत वाजला पाहिजे. बाहेरून गिलावा नको, फक्त चिऱ्यांमधल्या दर्जा (सांधे) भरा. मातीची हौस आतल्या भिंतींवर भागवा. पावसाला तोंड द्यायचं नसलं की कुडाची, म्हणजे काठ्यांवर माती लिंपलेली, भिंतही वर्षानुवर्षं राहते.

माकडं कौलं फोडतात. गावात सगळे पत्रे घालतायत. आम्हीही घालावेत का? – देवगड

गावाला नावं ठेवणार नाही. दर मे महिन्यात शाकारणीला, म्हणजे कौलं नीट लावून घ्यायला, माणूस मिळत नाही आणि वानरांची टोळी एका दुपारी पन्नास कौलं खाली आणते. पण नुसता पत्रा मेमध्ये तापतो आणि जुलैत त्याखाली बोललेलं ऐकू येत नाही.

मधला मार्ग असा: खाली पातळ पत्रा, त्यावर रिपा (लाकडी पट्ट्या), त्यावर मंगलोरी कौलं. कौल फुटलं तरी घर गळत नाही आणि मधल्या हवेमुळे उष्णता अडते. या पोकळीची तोंडं जाळीने बंद करायला मात्र विसरू नका. नाहीतर उंदीर शिरतात आणि उंदरामागे कोण येतं ते सांगायला नको. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली कारखाना काढला तेव्हापासून ही कौलं निघतायत, पण प्रत्येक कारखान्याच्या खाचा थोड्या वेगळ्या. म्हणून सुरुवातीलाच दोनशे कौलं जास्तीची घेऊन पडवीत रचून ठेवा.

विहीर मार्चअखेर आटते. बोअर मारू का? – लांजा

आधी बेरीज करा. १०० चौरस मीटरचं छप्पर आणि वर्षाचा ३,००० मिलिमीटर पाऊस म्हणजे ३ लाख लिटर. गळती, उडती धरून २ लाख ४० हजार तरी हाती लागतं. आता गरज पाहा. चार माणसं, आठवड्याला दोन दिवस, माणशी रोज १०० लिटर, म्हणजे ८००. फेब्रुवारी ते मे असे सोळा आठवडे धरले तर १२,८०० लिटर. पंधरा हजारांची झाकलेली टाकी पुरते. पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी बाहेर सोडा आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला टाकी उपसून धुवा, उरलेल्या पावसात ती भरते. न्हाणीचं पाणी केळी-अळूला. शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला कधीच नको, खालच्या अंगालाही किमान पन्नास फूट लांब. जांभ्यात पाणी कुठून कुठे जाईल सांगता येत नाही, त्यामुळे शंभर फूट मिळत असेल तर शंभर.

घर जून ते सप्टेंबर बंद असतं. दरवर्षी गाद्यांना, कपाटांना बुरशी येते. कुठलं रसायन मारावं? – ठाणे

रसायनाने एक महिना जाईल. तुमच्या फोटोत पीओपीचं छत आणि प्लायवूडची कपाटं दिसतात. ती मुंबईची सवय कोकणात आली आहे. छत काढून टाका, आढ्याजवळ दोन्ही टोकांना जाळीचे त्रिकोण ठेवा म्हणजे घर बंद असतानाही वारा फिरेल. कपाटांची दारं पट्ट्यांची करा. गाद्या जमिनीवर न रचता दोरीवर टांगा.

जुन्या घरांत वासे कोरडे राहायचे ते चुलीच्या धुरामुळे. तेव्हा शेजारच्या काकींना किल्ली द्या. आठवड्यातून दोनदा त्यांनी दारं-खिडक्या उघडायच्या आणि मागच्या पडवीत तासभर चूल पेटवायची. याचे पैसे घराच्या अंदाजपत्रकातच धरा आणि ते त्यांना दरमहा द्या. गणपतीला आल्यावर साडी-पेढ्यांवर भागवू नका.