दुकानदार म्हणतो बायकांसाठी सगळ्यात छोटं, सगळ्यात हलकं रिव्हॉल्व्हरच उत्तम. खरं आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत राहता, रात्रीची शिफ्ट संपवून पार्किंगपर्यंत एकट्या चालत जाता, कन्सील्ड कॅरीचं, म्हणजे हत्यार लपवून जवळ बाळगायचं, लायसन्स काढताय. दुकानात १२ औंसांचं, गुलाबी मुठीचं रिव्हॉल्व्हर हातात ठेवून "हे लेडीजसाठी परफेक्ट" असं सांगितलं गेलं. नवऱ्यालाही ते पटलंय. घ्यावं का?

रिव्हॉल्व्हर हवं तर जरूर घ्या, पण ते १२ औंसांचं नको. मी रेंजवर, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या जागी, नवशिक्यांना शिकवते, त्यात बायकाच जास्त असतात. हा सल्ला ऐकून घेतलेली रिव्हॉल्व्हरं माझ्यासमोर वारंवार येतात. बहुतेक जणी पहिली पाच काडतुसं उडवतात, तळहात चोळतात आणि विचारतात, "अजून मारायच्यात का?" जे हत्यार चालवायचा कंटाळा किंवा धसका वाटतो त्याचा सराव होत नाही. आणि छोट्या नळीचं रिव्हॉल्व्हर सरावाशिवाय चालवणं हे मोठ्या पिस्तुलापेक्षा कितीतरी कठीण आहे. दुकानात हे कोणी सांगत नाही, कारण काउंटरवर त्यातून गोळी सुटत नसते.

हा धक्का एवढा का लागतो? गोळी पुढे जाते तेवढ्याच जोराने हत्यार मागे येतं. हत्यार जड असेल तर त्यातला बराच भाग ते स्वतः पचवतं, हलकं असेल तर सगळा तुमच्या अंगठ्याच्या बेचक्यात. स्मिथ अँड वेसन कंपनीचं ३४०पीडी हे रिव्हॉल्व्हर भरलेलं नसताना १२ औंसांच्याही आत भरतं आणि .३५७ मॅग्नम हे जोरदार काडतूस मारतं. माझ्या ओळखीचे चांगले दणकट पुरुष त्यातून मॅग्नमची दुसरी फेरी मारायला तयार होत नाहीत. त्याच जे-फ्रेम घराण्यातलं (कंपनीच्या छोट्या रिव्हॉल्व्हरांचं हे नाव) ६४२ ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं आहे, साधारण १५ औंस. ६४० पूर्ण स्टीलचं, २२ औंसांच्या आसपास. तिघांचा आकार जवळपास सारखाच, लपवायला तेवढेच सोपे. फरक फक्त वजनात आणि तुमच्या मनगटात. मी स्वतः ६४० वापरते. कमरेला होल्स्टरमध्ये असलं की जास्तीचे सात औंस जाणवत नाहीत, रेंजवर मात्र प्रत्येक गोळीला जाणवतात, चांगल्या अर्थाने.

खिशातच ठेवायचं असेल तर ६४२ किंवा रूगरचं एलसीआर हा मधला मार्ग. एलसीआर २००९ साली आलं तेव्हा पॉलिमरचं रिव्हॉल्व्हर म्हणून लोकांनी नाकं मुरडली होती. पण त्याचा ट्रिगर या आकारातल्या बाकीच्यांपेक्षा गुळगुळीत ओढला जातो, हे टीकाकारांनाही मान्य करावं लागलं.

आता ट्रिगरबद्दल, कारण खरी मेख इथेच आहे. "बायकांना पिस्तुलाची स्लाइड (वरचा मागे-पुढे सरकणारा भाग) मागे ओढता येत नाही म्हणून रिव्हॉल्व्हर" हा दुकानांतला ठरलेला युक्तिवाद. पण स्लाइड दोन्ही हातांनी, अख्ख्या खांद्याचा जोर लावून ओढायची असते. ती बहुतेकींना एकदा नीट दाखवली की जमते. शिवाय पिस्तूल घरी एकदा भरलं की दर गोळीला स्लाइड ओढावी लागत नाही. रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर मात्र दर गोळीला ओढावाच लागतो, तोही एकाच बोटाने. नव्या जे-फ्रेमचा ट्रिगर ओढायला साधारण १२ पौंडांचा जोर लागतो. म्हणजे पौंडापेक्षा हलकी वस्तू हातात स्थिर धरायची आणि तिच्यावरच १२ पौंडांची ओढ लावायची! नेम तिथेच हलतो. बोटांत संधिवात असेल, पकड कमी असेल, तर रिव्हॉल्व्हर हा उपाय नसून अडचण ठरू शकते. अशांसाठी मऊ स्लाइडची पिस्तुलं मिळतात. स्मिथ अँड वेसनचं .३८० शील्ड ईझी त्यासाठीच बनवलेलं आहे. तेही एकदा हाताळून बघा, दुकानदाराने काढून दाखवलं नाही तरी.

मग रिव्हॉल्व्हर घ्यायचंच कशाला? त्याची दोन कारणं मला पटतात. एक, गोळी फुसकी निघाली तर पुन्हा ट्रिगर ओढायचा, पुढचं काडतूस आपोआप समोर येतं. घाबरलेल्या माणसाला दुसरं काही आठवावं लागत नाही. दोन, घोडा, म्हणजे काडतुसावर ठोका मारणारा मागचा भाग, पूर्ण झाकलेलं रिव्हॉल्व्हर कोटाच्या खिशातूनच, बाहेर न काढता, पाचही वेळा चालू शकतं. पिस्तुलाची स्लाइड कापडात अडकून पहिल्या गोळीनंतर थांबायची भीती असते. रात्रीच्या पार्किंगमध्ये खिशात हात घालून चालणाऱ्या बाईकडे कोणी संशयाने बघत नाही आणि तिचा हात आधीच मुठीवर असतो. तुमच्या परिस्थितीला हे नेमकं लागू पडतं.

म्हणून घोडा झाकलेलंच घ्या. ६४२, ४४२, ६४० आणि साधं एलसीआर तसेच आहेत. स्मिथ अँड वेसनने ही रचना सेंटेनियल नावाने १९५२ मध्ये काढली, कंपनीच्या शंभरीला. उघड्या घोड्याचं टोक अस्तरात, ओढणीत, पर्सच्या चेनमध्ये, कशातही अडकतं. "घोडा मागे खेचून हलक्या ट्रिगरने नेम धरता येतो" हा त्याचा फायदा सांगतात. जिवावर बेतलेल्या क्षणी तो हलका ट्रिगरच धोक्याचा, थरथरत्या बोटाने नको तेव्हा सुटायचा.

काडतुसाचं म्हणाल तर .३८ स्पेशलवर थांबा. .३५७ चालणारं घेतलंत तरी त्यात .३८ भरा, ते चालतं. (उलट मात्र नाही: .३५७ चं काडतूस लांब असतं, .३८ च्या सिलिंडरमध्ये, म्हणजे काडतुसं भरायच्या फिरत्या भागात, बसत नाही.) जेमतेम दोन इंचांच्या नळीत .३५७ ची बरीचशी दारू बाहेर येऊन जळते. गोळीचा वेग अपेक्षेइतका वाढत नाही, अंधारात डोळे दिपवणारा जाळ आणि कानठळ्या मात्र पूर्ण मिळतात. .३८ मध्येही १४८ ग्रेन वजनाच्या गोळीचं, तोंड सपाट असलेलं वॅडकटर काडतूस मिळतं. मुळात ते निशाणेबाजीच्या सरावासाठी. धक्का अगदी सौम्य, आणि हॉलो पॉइंट (टोकाला पोकळी असलेल्या, लागल्यावर पसरणाऱ्या) गोळ्या छोट्या नळीच्या मंद वेगात नेहमी उमलतातच असं नाही, त्यामुळे बरेच जाणकार छोट्या रिव्हॉल्व्हरमध्ये हेच भरून फिरतात. एक कटकट आहे: सपाट तोंडामुळे घाईत पुन्हा भरताना ती भोकात पटकन शिरत नाहीत.

.३२ एच अँड आर मॅग्नम हा तिसरा पर्याय मला मनापासून आवडतो. हे काडतूस १९८४ चं, मध्ये जवळजवळ विस्मरणात गेलं होतं. २०२४ मध्ये स्मिथ अँड वेसनने ४३२ आणि ६३२ अल्टिमेट कॅरी ही त्याची छोटी रिव्हॉल्व्हरं काढली आणि पुन्हा मागणी आली. जे-फ्रेमच्याच सिलिंडरमध्ये पाचाऐवजी सहा बसतात, धक्का .३८ पेक्षा कमी. काडतुसं सगळीकडे मिळत नाहीत आणि महाग पडतात, एवढं लक्षात ठेवून निवडा. .२२ स्वस्त आणि सौम्य, पण रिमफायर (बुडाच्या कडेवर ठोका बसून पेटणारं) काडतूस फुसकं जाण्याचं प्रमाण जास्त, आणि ते पेटावं म्हणून स्प्रिंग कडक ठेवल्याने बऱ्याच मॉडेलांचा ट्रिगर आणखी जड. सरावाला छान, मी त्यावर शिकवते. भरवशाला नाही.

अतिहलक्या हत्याराची आणखी एक भानगड: धक्क्याने सिलिंडरमधल्या उरलेल्या काडतुसांच्या गोळ्या आपल्या खोळीतून पुढे सरकतात आणि कधी सिलिंडर फिरायचाच थांबतो. म्हणजे "अडकत नाही" म्हणून घेतलेलं रिव्हॉल्व्हर अडकतं. जे काडतूस बाळगणार तेच आधी रेंजवर मारून बघा. चार मारा, पाचवं काढून त्याची लांबी न मारलेल्या काडतुसाशी ताडून पाहा.

गुलाबी मुठीबद्दल विचारलंत. रंगाला माझी ना नाही, मापाला आहे. मूठ इतकी छोटी असते की करंगळी खाली लोंबते, आणि मग तीन बोटांत सगळा धक्का. थोडी लांब रबरी मूठ बसवून घ्या, हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी बदल. ट्रिगरवर बोट ठेवल्यावर पहिल्या पेराची घडी तिथे पोचायला हवी. नुसतं टोक पोचत असेल तर मूठ जाड आहे. नळीच्या टोकावरची नेम धरायची पुढची माशी काळी असते, तीवर नारिंगी रंगाचा ठिपका लावा, अंधुक उजेडात फरक पडतो.

पर्स. इथे मी ठाम आहे: नको. पर्स हिसकावली की हत्यारही गेलं. पर्स खाली ठेवली जाते, खुर्चीला लटकते, मुलं त्यात चॉकलेट शोधतात. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहोतल्या हेडन गावी दुकानाच्या ट्रॉलीत बसलेल्या दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधलं पिस्तूल काढलं आणि ती जागीच गेली. ती पर्स कन्सील्ड कॅरीसाठीच बनवलेली होती, तिला वेगळा कप्पा होता. हत्यार अंगावर, ट्रिगर पूर्ण झाकणाऱ्या होल्स्टरमध्ये. खिशात ठेवलंत तरी खिशाचं होल्स्टर हवंच, आणि त्या खिशात दुसरं काहीही नको, किल्ली नाही, लिपस्टिक नाही. घरी आल्यावर कुलपाच्या पेटीत.

तुम्ही व्हिसाचं लिहिलं नाही, म्हणून विचारते. एच-१बी, एच-४ सारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर हत्यार बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे. शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद आहेत, पण वकिलाला विचारल्याशिवाय त्यांच्या भरवशावर जाऊ नका. स्थलांतराच्या कागदपत्रांवर ते कायमचं उमटू शकतं. ग्रीनकार्ड असेल तर ही अडचण नाही. आणि पैसे तुमचे, फॉर्म नवऱ्याने भरला, असं करू नका: हत्यार खरेदीच्या फेडरल फॉर्म ४४७३ वर खरा खरेदीदार कोण हे विचारलेलं असतं आणि खोटं लिहिणं गुन्हा आहे. नवऱ्याने स्वतःच्या पैशाने भेट देणं वेगळं, पण मुळात निवड तुमच्या हाताने व्हायला हवी. कामाच्या जागी आत नेता येतं का तेही विचारून घ्या. बऱ्याच कंपन्यांत आणि हॉस्पिटलांत चालत नाही, आणि मग ते शिफ्टभर गाडीत राहणार असेल तर गाडीत बोल्ट केलेली पेटी लागेल.

पुढच्या वेळी दुकानात गेलात की तीन रिव्हॉल्व्हरं मागा: ६४२, एलसीआर, ६४०. सिलिंडर उघडून रिकामं असल्याची खात्री स्वतः करा, दुकानदाराने केली असली तरी. त्याच्या परवानगीने, तो दाखवेल त्या सुरक्षित दिशेला धरून, थांबत थांबत नाही तर सलग दहा वेळा ट्रिगर ओढा, नजर पुढच्या माशीवर. ती किती थरथरते बघा. शेवटच्या दोन-तीन ओढींना बोट थकत असेल किंवा मदतीला दुसरं बोट न्यावंसं वाटत असेल, तर तिन्ही परत ठेवा आणि मघाचं शील्ड ईझी मागा. नाहीतर ज्याची माशी सगळ्यात कमी हलली ते रेंजवर भाड्याने घेऊन त्यातून पन्नास काडतुसं मारा, खरेदीची पावती त्यानंतर.