डावा-उजवा ब्रॅकेट कॅमेऱ्याला सारखाच दिसतोय? थ्रेशोल्ड सोडा

तुम्ही लिहिलंय की नवी मुंबईत महापेच्या युनिटमध्ये डावे-उजवे (एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे) ब्रॅकेट कॅमेऱ्याने वेगळे करायचेत, ओपनसीव्ही या फोटो तपासणाऱ्या लायब्ररीतलं आकृत्या जुळवणारं मॅचशेप्स दोघांनाही शून्याच्या आसपास आकडा देतं (शून्य म्हणजे हुबेहूब), आणि कॅमेरा विकणारे म्हणतात थ्रेशोल्ड, म्हणजे कितीपर्यंत सारखं मानायचं ती मर्यादा, खाली आणा. तुमची पोस्ट वाचून अंगावर काटा आला. रबाळ्याला आमचं हेच झालं होतं.

कॉन्टूर (भागाच्या कडेची रेषा) काढणं वगैरे येतं असं धरतो. ओपनसीव्हीचं हे फंक्शन ह्यू मोमेंट्सवर चालतं. १९६२ साली मिंग-कुई ह्यूंनी मांडलेले हे सात आकडे भाग सरकला, फिरला, लहानमोठा दिसला तरी बदलत नाहीत. आरशातल्या आकृतीतही पहिले सहा तेच. फक्त सातव्याचं चिन्ह उलटतं. पण ०.००००१ पेक्षा लहान मोमेंट मॅचशेप्स हिशेबातच घेत नाही, आणि सातवा बहुधा तेवढाच चिमुकला. डावं-उजवं सांगणारा एकुलता साक्षीदार कोर्टाबाहेरच! थ्रेशोल्ड कितीही हलवा, काय होणार?

आमच्या विक्रेत्याच्या सपोर्टला हे मेलवर, फोटोंसकट, फोनवर सांगून झालं. दर वेळी नवा माणूस, नवा तिकीट नंबर, सल्ला तोच. मग म्हणे लाइट बदला, आमचाच घ्या. इकडे पार्टीकडून माल परत आलेला आणि हे कोटेशन पाठवतायत! एकानेही दोन भाग शेजारी ठेवून पाहिले नाहीत. असो.

आमच्या ब्रॅकेटला एक मोठं, एक लहान भोक होतं. गुरुत्वमध्यापासून मोठ्या भोकाकडे एक बाण, लहानाकडे दुसरा. दोघांच्या क्रॉस प्रॉडक्टचं चिन्ह बघायचं, म्हणजे पहिल्या बाणापासून दुसरा डावीकडे वळतो की उजवीकडे ते कळतं. एका जातीला अधिक, दुसरीला उणे. तिन्ही बिंदू एका रेषेत असतील तर मात्र जमणार नाही. आणि फक्त बाहेरचे कॉन्टूर मागवत असाल तर भोकं हाती लागणारच नाहीत. मॅचशेप्स काढून टाकू नका, भलताच भाग आला तर ते पकडतं.

भाग उलटा पडला की डाव्याची सावली उजव्यासारखी दिसते. त्यामुळे बेल्टवर एकच बाजू वर राहील असं गाइड आधी लावा.

खालून उजेडासाठी साइनबोर्डवाल्याकडचं दुधी ॲक्रिलिक आणि एलईडी पट्टी पुरते. पावसाळ्यात एसी केबिनमधून कॅमेरा शॉपमध्ये नेलात तर लेन्सवर वाफ धरते, थोडा वेळ थांबा.

मी मेकॅनिकलवाला, गणिताचा माणूस नाही. डीप लर्निंगवाले वेगळं सांगतील. एवढ्यासाठी जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) घेणं मला तरी पटत नाही. दोन्ही भागांचे वरून काढलेले फोटो टाका, भोकं पाहून सांगतो.