माउसला हात न लावता ब्राउझर कसा चालवायचा?

प्रश्न असा आहे: रोज केळीचे भाव, हवामान, योजनांची पानं बघण्यात फार वेळ जातो, कीबोर्डने काम लवकर होईल का?

नक्की होईल. मी सावद्याचा, सकाळी मीही दहा-बारा टॅब उघडूनच बसतो. एकच शिकायचं असेल तर कंट्रोल + एफ शिका. भावांच्या लांबलचक यादीत ‘रावेर’ टाइप केलं की थेट त्या ओळीवर. एंटर दाबत गेलात की पुढचा उल्लेख. यादी मराठीत असेल तर शब्दही देवनागरीतच टाका, बरेच जण इथेच अडतात.

पान खाली न्यायला स्पेसबार, वर यायला शिफ्ट + स्पेस. कर्सर शोधचौकटीत असेल तर हे चालत नाही. आधी पानावर रिकाम्या जागी क्लिक करा. टॅब बदलायला कंट्रोल + टॅब. चुकून बंद झालेला टॅब कंट्रोल + शिफ्ट + टीने परत येतो, याने माझं काम कितीदा वाचलंय!

जीमेलमध्ये जे आणि केने मेल खालीवर होतात, पण सेटिंगमध्ये शॉर्टकट चालू करावे लागतात. ही जोडी अमेरिकन प्रोग्रॅमर बिल जॉय यांच्या १९७६ च्या सुमाराच्या व्हीआय एडिटरमधली, म्हणजे मजकूर लिहायच्या प्रोग्रॅममधली. त्यांच्या टर्मिनलवर (संगणकाला जोडलेला पडदा आणि कीबोर्ड) बाण याच अक्षरांच्या बटणांवर छापलेले होते.