सलाईनने रोज डोळा धुताय? आधी हे वाचा

दादा, "पहाटे डोळा उघडताना पापणी सोलल्यासारखं होतं, म्हणून सलाईनने दिवसातून चारदा धुतोय" हे तुम्ही लिहिलेलं वाचलं आणि पोटात गोळाच आला. माझंही अगदी हेच झालं होतं. नातीचं नख लागलं, जखम चार दिवसांत भरली आणि तीन आठवड्यांनी पहाटेचं ते सोलणं सुरू झालं.

मी डॉक्टर नाही, तेव्हा तपासणी तुमची तुम्हीच करून घ्या. पण माझी चूक तुम्ही करू नका.

इथे इंदूरला मी ज्या दवाखान्यात जायचे, तिथे काउंटरवर विचारलं, "सलाईनने धुतलं तर चालेल ना?" उत्तर मिळालं, "सलाईनच तर आहे, त्याने काय होणार!" प्रश्न डॉक्टरांपर्यंत गेलाच नाही. मी अर्ध्या लिटरची बाटली आणली, सुईने भोक पाडलं, फ्रिजमध्ये श्रीखंडाच्या डब्याशेजारी ठेवली आणि दीड महिना धूत राहिले. आजही त्या काउंटरची चीड येते. ठाऊक नव्हतं तर "डॉक्टरांना विचारा" एवढं म्हणायला काय जात होतं?

शेवटी दुसऱ्या ठिकाणी डॉक्टरीणबाईंनी डोळ्याला पिवळ्या रंगाची कागदी पट्टी टेकवली (पेशी निघालेल्या जागी तो रंग धरतो) आणि निळ्या उजेडात काढलेला फोटो मला दाखवला. नखाची जखम एका जागी, आणि बाकी कॉर्नियाभर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे बारीक हिरवे ठिपके. त्या म्हणाल्या, "हे ठिपके नखाचे नाहीत, धुण्याचे आहेत."

तेव्हा कळलं. ०.९ टक्के सलाईनची तीव्रता अश्रूंच्या जवळपास असते, म्हणून ते निरुपद्रवी वाटतं. पण त्यात फक्त सोडियम क्लोराइड. अश्रूंत पोटॅशियम असतं, तेही रक्तापेक्षा कितीतरी जास्त, आणि बायकार्बोनेटही असतं. वरच्या थरातल्या पेशींना ही दोन्ही लागतात. सशांच्या कॉर्नियावरच्या प्रयोगांत पोटॅशियम नसलेल्या द्रावणात त्या पेशी गळताना दिसल्या. वर सारखं धुतल्याने आपले अश्रूही वाहून जातात. आणि भोक पाडलेली बाटली? त्यात जंतुरोधक काहीच नसतं. नळाचं नर्मदेचं पाणी तर त्याहून वाईट, कारण त्यात क्षार फारच कमी, त्यामुळे पेशी पाणी शोषून फुगतात.

(चुना, अ‍ॅसिड, फिनाइल डोळ्यात गेलं तर हे सगळं विसरा. हाताशी असेल त्या स्वच्छ पाण्याने लगेच आणि भरपूर धुवा, मग दवाखाना गाठा.)

आणखी एक घोळ: मेडिकलवाल्याने ५ टक्के सोडियम क्लोराइडचे ड्रॉप्स दिले तर "तेच मीठ" समजू नका. ते साडेपाचपट तीव्र असतं, सुजलेल्या कॉर्नियातलं पाणी ओढून घेतं. चांगलंच झोंबतं. मला त्याचंच मलम रात्री दिलं होतं आणि माझा आराम त्यानेच सुरू झाला, पण ते तपासून, लिहून दिल्यावर. दिवसा प्रिझर्वेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रू. माझं मत विचाराल तर बेन्झाल्कोनियम हे प्रिझर्वेटिव्ह असलेली बाटली अशा डोळ्यात सारखी घालूच नये, भले स्वस्त असो. गुलाबपाणी, मध हे तर नावालाही नको.

उद्या तपासायला जाल तेव्हा रंग टाकून बघायला सांगा, आणि धुण्याची ती बाटली सोबत न्या. तोवर पहाटे जाग आली की डोळा झटकन उघडू नका. मिटल्या पापणीखाली बुबुळ दोन-तीनदा हळूच इकडेतिकडे फिरवा, ओल आल्यासारखं वाटलं की मगच उघडा.